बंद केलेल्या खात्यातून आलेला नकार

इथले अनुभव मी कधीमधी वाचतो आणि निम्म्यात चिडून बंद करतो. पिंपळ, पांढरी साडी, कुत्र्यांचं रडणं... अरे काय लावलंय! मी सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस. जे घडतं त्याची कुठेतरी नोंद असते, आणि नोंद सापडली की भूत पळतं, एवढंच मी आजवर मानत आलो. यावेळी नोंद सापडली आहे. तिनंच डोकं फिरवलंय. आणि खरं सांगू का, भीतीपेक्षा मला संताप जास्त आलाय, तो कुठेतरी ओकायचा आहे म्हणून लिहितोय.

नावं बदलली आहेत, जागा खरी. मोताळा, जिल्हा बुलढाणा. बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक खाजगी पॅथॉलॉजी लॅब. तिथलं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. रिपोर्ट सगळे सर्व्हरवर असतात, आणि दवाखान्यांची, विमेवाल्यांची अ‍ॅप ते एपीआयमधून मागतात. ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी — एपीआय म्हणजे खिडकी समजा. बाहेरचं अ‍ॅप खिडकीशी येतं, पास दाखवतं, आणि पासवर लिहिलंय तेवढंच घेऊन जातं. कोणत्या अ‍ॅपला पास द्यायचा, कोणाच्या रिपोर्टचा, किती दिवसांचा, हे ठरवणारी सगळी व्यवस्था मी बांधली होती.

पण त्या व्यवस्थेतला खरा माणूस मी नव्हतो. त्या होत्या शहनाजआपा. वीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई. अ‍ॅपची मागणी आली की आपा आधी लॅबच्या वायरवाल्या फोनवरून पेशंटला स्वतः फोन करायच्या. "तुमचा रिपोर्ट फलाणे मांगून राह्यले. देऊ का नको देऊ?" मगच स्क्रीनवर मंजूर किंवा नामंजूर. खाली कारण लिहायची चौकट होती, तिथं त्या नेहमी 'इचारलं' या शब्दानं सुरुवात करायच्या. मी हसायचो. म्हणायचो, आपा, हे सगळं आपोआप करता येतं, पेशंटनं एकदा फॉर्मवर सही केली की झालं. त्या म्हणायच्या, "सुई टोचाच्या वक्ताले माणूस कायच्यावरही सही करते बाबू. ते काय इचारनं झालं?"

एकदा एक सासरा सुनेचा रिपोर्ट मागायला आला. चांगला वजनदार माणूस, पंचायत समितीत उठबस असलेला. आपांनी त्याला सर्वांसमोर विचारलं, "रक्त तुमचं हाय का? मंग रिपोर्ट तुमचा कायचा?" तो लालबुंद होऊन गेला. मालकानं आपांना झापलं. आपांवर काही फरक पडला नाही.

मागच्या पावसाळ्यात आपा गेल्या. धाड गावी भावाकडे गेल्या होत्या, छातीत दुखलं, बुलढाण्याला नेता नेता जीपमध्येच संपल्या. मातीला मी होतो. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मी त्यांचं खातं बंद केलं. माझ्या हातानं. पासवर्ड रद्द, मोबाईलची जोडणी रद्द. हे नीट लक्षात ठेवा, कारण कॉमेंटमध्ये 'खातं चालू राहिलं असेल' म्हणणारे शहाणे येणारच आहेत. नव्हतं राहिलं!

आता रागाची गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी मालकानं एका लग्न जमवणाऱ्या अ‍ॅपशी हातमिळवणी केली. स्थळाच्या नावापुढे 'आरोग्य तपासलेले' असा हिरवा शिक्का. मुलाकडचे पोरीचं नाव आणि मोबाईल नंबर टाकणार, आणि लॅबमधून तिचे जुने सगळे रिपोर्ट त्यांच्या हातात. मी म्हटलं, साहेब, पेशंटला विचारायला नको? तर म्हणे, "आपा गेली ना? आता कोण विचारत बसते बे? फॉर्मवर सही हाय त्यायची. एकच पास काढ, सगळ्यांचा, कायमचा."

मी वाद घातला... दहा मिनिटं. मग काढला पास. सगळे रिपोर्ट, मुदत नाही, विचारायची पायरी बंद. ज्या कामाचा मी लोकांपुढे तोरा मिरवत होतो, तेच काम मी एका बटणानं मातीत घातलं. मालकावर चिडणं सोपं आहे हो. बोटं माझीच होती.

बाजाराचा दिवस होता. सकाळी अकराला पास चालू केला आणि लॅबच्या काउंटरवरच लॅपटॉप घेऊन बसलो. अ‍ॅपकडून नावांची पहिली यादी साडेअकराला आली, रिपोर्ट बारा वाजता जाणार होते. मी यादी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

साडेबाराला मावशीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, वैशालीले पाहाले धामणगाव बढ्याचे लोक येऊन राह्यले रविवारी! त्यायनं त्या अ‍ॅपवर तिचं नाव बी टाकलं म्हणते, तुमच्याच लॅबचं हाय ना ते?"

वैशाली माझी मावसबहीण. अकोल्याला नोकरी करते. चार वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन ठणठणीत बरी झाली, पण तो थुंकीचा रिपोर्ट आमच्याच लॅबचा. घरच्यांनी ही गोष्ट भिंतीलासुद्धा कळू दिली नव्हती.

पास रद्द करायला धावलो. अर्धा तास उशीर झालाच होता, तरी... आणि स्क्रीनवर दिसलं, पास आधीच रद्द! एकही रिपोर्ट बाहेर गेलेला नाही. नोंदीत वेळ अकरा चोपन्न. रद्द करणारं खातं: शहनाजआपा. खात्याची स्थिती: बंद. आणि कारणाच्या चौकटीत —

"इचारलं पोरीले. नाही म्हणते. मी स्वतः सांगीन म्हणते."

मस्तक तापलं. कोणीतरी माझी क्रूर थट्टा करतंय, मेलेल्या बाईच्या नावानं! मी तिथूनच वैशालीला फोन लावला. ती अकोल्यात ऑफिसला होती. विचारलं, तुला लॅबमधून कोणी फोन केला का?

"हाव दादा, आताच तर. आपाचा आल्ता. अकरा पन्नासले. म्हणे, तुया होणाऱ्या घरचे तुयी बिमारी पाहून राह्यले, देऊ का? म्या म्हटलं नोका देऊ, मी सांगतो माह्या तोंडानं. तर म्हणे, हिंमत हाय ना? म्या म्हटलं हाय."

"आवाज आपांचाच होता?"

"मंग कोनाचा? खोकत बोलत होत्या, नेहमीसारख्या. काऊन, काय झालं?"

काही नाही म्हणालो. तिनं मोबाईलमधल्या नोंदीचा फोटो पाठवला. नंबर लॅबचाच. तो फोन सकाळपासून माझ्या कोपरालगत होता, हात लांबवायचीही गरज नव्हती. अकरा ते साडेबारा त्याला कोणीही हात लावला नाही. मीच बसलो होतो ना तिथं!

संध्याकाळी मालक बरसले. "तूच केलं बे हे. आपाचं नाव टाकून नाटकं करून राह्यला." मी सर्व्हरच्या सगळ्या नोंदी त्यांच्यापुढे टाकल्या. पास रद्द करायला माझं खातं वापरलेलं नाही, माझा लॅपटॉप वापरलेला नाही. ओळखीच्या दोन जाणकारांनी तपासलं. ते म्हणतात, बंद खात्यातून हे होऊच शकत नाही. होऊच शकत नाही म्हणे! आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते की मालकाचा आरोप खोटा आहे. मी केलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. मी नाही केलं. मी जिवंत होतो, पगारी होतो, खिडकीशी बसलो होतो, आणि मी विचारलं नाही.

त्याच दिवशी विचारायची पायरी मी परत चालू केली आणि मालकाला लिहून दिलं की ही काढलीत तर मी नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत. पायरी मात्र काढलेली नाही.

रविवारी पाहुणे आले. वैशालीनं पोहे ठेवले आणि मुलाला सरळ सांगितलं, मला टीबी झाला होता, आता बरा आहे, कागद दाखवू का. आठ दिवसांनी नकार आला. मावशी धाय मोकलून रडली. मी त्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या.

वैशाली शांत होती. "नाही म्हटलं तर म्हटलं दादा. पन त्यायनं मोबाईलवर वाचून मंग माह्याकडं पाह्यलं असतं ना, तर मी शरमेनं मेली असती. आता मान वर हाय माही." निघताना म्हणाली, "आपाले सांगजो, म्या सांगतलं म्हणून. वाट पाहत असतीन त्या."

माझ्याकडे या सगळ्याचं काहीही स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण मला शिकवायला येऊ नका. वैशालीला मी नुसतं "हाव" म्हटलं. आपा गेल्याचं तिला अजून सांगता आलेलं नाही.