ओट्यावरचा उजेड

दुकानदाराने रंग बदलणारी एलईडी पट्टी पेटवून दाखवली. "वहिनी, हॉलच्या छताला लावा, पाहुणे बघत राहतील."

"मला ओट्यावर लावायचीय."

"स्वयंपाकघरात कोण बघणार?"

"मी बघणार."

पिवळसर पट्टीलाही मी नको म्हटलं. तिच्या उजेडात वरणात हळद पडली की नाही, कळत नाही. साधी पांढरी घेतली, पाणी उडालं तरी चालणारी.

आपल्या घरांत उजेड आधी पाहुण्यांचा. स्वयंपाकघरातला दिवा कायम माझ्या पाठीमागे. इतकी वर्षं मी स्वतःच्याच सावलीत भाजी चिरली. आता वरच्या कपाटाखालून अगदी हातांवर उजेड पडतो. सावली मुकाट्याने मागे गेलीय. घरचे म्हणतात, या उजेडापुढे हॉल अंधारा वाटतो.

वाटू दे.