रामप्रसादचा तुटका सा

रामप्रसादच्या बासरीचा सूर मधेच तुटतो, हा शोध पुण्यात लागला. बदनापुरात तो कुणाला लागला नव्हता, आणि त्याच्या गावी, धावड्याला, तर लोक उलटंच बोलायचे. याची बासरी सुरू कधी झाली नि थांबली कधी, ते कळतच नाही, असं म्हणायचे. पण धावड्याच्या लोकांना कोण विचारतं?

ही फुंक त्याला वडिलांकडून मिळालेली. धर्मराज दिवसभर शेतात राबायचे आणि एकादशीच्या भजनात बासरी धरायचे. ओठ जेमतेम टेकवायचा आणि समोरचा दिवा विझणार नाही एवढीच हवा सोडायची, ही त्यांची रीत. राग, ताल, आलाप यांतलं त्यांना काही येत नव्हतं, म्हणून मुलालाही आलं नाही. पुढे रामप्रसादला बदनापूरच्या शेतकी संशोधन केंद्रात कारकुनी मिळाली, लग्न झालं, मुलगी मोठी होऊन अंबडला नांदायला गेली. घरात तो आणि बेबीनंदा दोघंच उरले. संध्याकाळी तो वाजवायचा, ती समोर बसून भाजी निवडायची. ‘छान’ वगैरे ती कधी म्हणाली नाही. उठून मात्र गेली नाही.

पण पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला एक खंत लागली होती. आपल्याला गुरू नाही. भजनातला बासरीवाला म्हणून लोक ओळखतात, कलावंत म्हणून कुणी विचारत नाही. त्याला गंडा हवा होता. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटावर बांधायचा दोरा. तो एकदा बांधला, की तू माझा झालास, असं चारचौघांत सांगितल्यासारखं असतं. कोरोनाच्या साली पुण्याचे नरहरगुरुजी फोनवरून शिकवायला लागले आणि रामप्रसादला वाटलं, देव पावला.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून फोनसमोर बसला. गुरुजी म्हणाले, “सा लावा, आणि लांबवा.” त्याने डोळे मिटून सा लावला. डोळे उघडले तर पडद्यावर गुरुजींचा हात वर.

“सूर तुटतोय, रामप्रसाद. सुरुवातीला ऐकू येतो आणि मग गायबच होतो. दम पुरत नाही तुमचा. पोटातून फुंका.”

“जी गुरुजी,” रामप्रसाद म्हणाला. पुढची तीन वर्षं तो हेच म्हणत राहिला.

गुरुजींनी आणखी एक सांगितलं. मागचे आवाज बंद करा, माझ्यापर्यंत नीट पोचत नाही. झालं, रविवारी सकाळी घराला कुलूप लागायचंच काय ते बाकी राहिलं. पंखा बंद, कुकर बंद, मिक्सर बंद. मे महिन्यात बदनापुरात पंख्याशिवाय बसून बघा म्हणजे कळेल. बेबीनंदा पदराने वारा घेत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि नवऱ्याला बसणारी बोलणी ऐकायची. तुटतोय, पुन्हा तुटला, परत घ्या. एका रविवारी तिला राहवलं नाही. ती आपल्याशीच पुटपुटली, “चांगलं तर वाजवून राह्यले. कुठं तुटतंय?”

गुरुजी पडद्यावर खळखळून हसले. “तुमच्या मंडळींचं मात्र स्पष्ट ऐकू आलं हं!”

रामप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन बंद होताच तो बायकोवर तुटून पडला. “तुला काय कळतं बासरीतलं? एवढा मोठा माणूस म्हणून राह्यला तुटतंय, आन् तू त्याला शिकवायला निघाली?”

“मला कळत न्हाई. ऐकू येतंय तेवढं सांगितलं,” बेबीनंदा म्हणाली.

“मंग नको सांगू!”

तिने सांगणं बंद केलं. पुढच्या रविवारपासून पंखा बंद करायची, निवडायचं ताट घ्यायची आणि परसात धुण्याच्या दगडावर जाऊन बसायची. हळूहळू संध्याकाळचं बसणंही सुटलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

तो झपाटून मेहनतीला लागला. पोटातून फुंक मारायची, सूर ढिला पडतोय असं वाटलं की आणखी एक धक्का द्यायचा, पुन्हा धक्का. ओठांची ठेवण बदलली. वडिलांची ती दिव्यापुढची हवा त्याने ठरवून, रोज दोन तास खपून मोडून काढली. आणि गंमत बघा, जसजसा तो हिसके देऊन वाजवायला लागला तसतसे गुरुजी खूश व्हायला लागले. “आता सूर पोचतोय! सुधारणा आहे!” तिसऱ्या वर्षी तर म्हणाले, “गुरुपौर्णिमेला पुण्याला या. समोर ऐकतो, मग गंड्याचं बघू.”

त्याने नवा सदरा शिवला, साहेबांकडून दोन दिवसांची रजा घेतली आणि एसटीने पुण्याला गेला.

गुरुजींच्या दिवाणखान्यात वीसेक शिष्य बसले होते. रामप्रसादचा नंबर आला. त्याने सा लावला, तीन वर्षांत कमावलेला, पोटातून आलेला, धक्क्यावर धक्का. गुरुजींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हात वर केला.

“हे काय, रामप्रसाद? बासरी वाजवताय की चूल फुंकताय?”

सगळे हसले. नवा सदरा घालून बसलेला रामप्रसादही हसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

“फोनवर तर बरं येत होतं,” गुरुजी म्हणाले. तेव्हा चिन्मयी नावाची, पुण्यातच नोकरी करणारी एक शिष्या पुढे सरकली. पोरगी भली होती. तिने विचारलं, “काका, तुम्ही फोनमधलं ते सेटिंग बंद केलं होतं ना?”

“कोणतं?”

तिने समजावून सांगितलं. फोन माणसाचं बोलणं ओळखतो. बाकी एकसारखा चालणारा आवाज आला, पंख्याचा, मोटारीचा, की गोंगाट समजून पुसून टाकतो. बासरीचा लांबवलेला सूर त्याला तसाच वाटतो; हिसके देऊन वाजवलं तर मात्र बोलणं समजून पुढे सोडतो. म्हणून तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एक मेसेज पाठवला होता. रामप्रसादला तो मेसेज आठवला. लांबलचक इंग्रजीत होता. गुरूच्या घरून आलाय म्हणून त्याने न वाचताच खाली दोन हात जोडले होते.

“म्हंजे तुटत नव्हतं?”

“तुम्ही हळुवार वाजवत असाल तर नसेलच तुटत, काका. फोनच खात होता.”

“आन् बोलणं? घरातल्या कुणाचं बोलणं?”

“ते येतं की. अगदी स्वच्छ.”

रामप्रसादने गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, “अरेरे. म्हणजे तुम्ही माझ्यापर्यंत पोचलाच नाहीत.” आणि घड्याळ बघून, “असो. ओठ आता फार कडक झालेत. बघू पुढच्या वर्षी.” मग त्यांनी दुसऱ्या दोघांना गंडा बांधला. त्याची चूक होती, नाही कशाला म्हणा? न वाचता हात जोडले. पण तीन वर्षं दर रविवारी ऐकणाऱ्या त्या नावाजलेल्या कानाला एकदाही शंका आली नाही, याबद्दल त्या दिवाणखान्यात कुणी चकार शब्द काढला नाही. पेढे वाटले गेले. रामप्रसादलाही एक मिळाला.

एसटीत खिडकीशी बसून तो एकाच गोष्टीचा हिशोब लावत होता. तीन वर्षांत त्याच्या घरातून पुण्याला धड पोचलं ते एकच वाक्य, आणि ते खरं होतं. त्यासाठीच त्याने बायकोला परसात घालवलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने बासरी काढली. ते बघून बेबीनंदाने सवयीने पंखा बंद केला, डाळीचं ताट उचललं आणि मागच्या दाराकडे निघाली.

“कुठं चालली?”

“पुण्याचा फोन असंल ना तुमचा.”

“फोन न्हाई. इथं बस.”

ती ताट घेऊन त्याच्या समोर बसली. त्याने डोळे मिटले. वडिलांसारखा ओठ जेमतेम टेकवला आणि सा लावला. ओठ ऐकेनात. पोट आपोआप आत गेलं, पहिला धक्का बसला, मग दुसरा. त्याने बासरी खाली घेतली, तोंड पुसलं, पुन्हा लावली. पुन्हा तेच झालं.

“खरं सांग,” तो म्हणाला. “तुटतंय का?”

बेबीनंदाने डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने खोटं सांगितलं नाही.

“तवा न्हाई तुटत होतं,” ती म्हणाली. “आता तुटून राह्यलं.”

मग ती उठली आणि पंखा लावला.