वरच्या चार ओळी

तलासरी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला बायोडेटा टाइप करताना मी पुष्कळदा पाहिलंय. नाव, शिक्षण, मोबाइल हे सगळं तो भराभर बडवतो. मग स्वतःबद्दलच्या चार ओळींसाठी वर सोडलेल्या रिकाम्या जागेपाशी थांबतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि बरोबर आलेल्या माणसाला विचारतो, "हा कसा आहे? तुम्ही सांगा." आमच्याकडे तालुक्याला सहसा कुणी एकटं येत नाही, आणि स्वतःचं कौतुक स्वतः तर कुणीच करत नाही.

परवा वेवजीची एक मुलगी मात्र एकटीच आली.

"मेहनती आहे, असं लिहा ना," ती पुटपुटली.

"ते सगळेच लिहितात. कामावरच्या कुणाला तरी फोन लाव."

तिने घोलवडच्या चिकूच्या शेडमधल्या मावशींना लावला. स्पीकरवरून मावशी ओरडल्या, "अहो, गाडी भरायच्या घाईत आम्ही सगळ्या भांडतो. ही एकटी शांत असते, म्हणून माल वेळेत जातो!"

मुलीने ओढणीत तोंड लपवलं. त्याने टाइप केलं, "घाईगर्दीत शांत राहून माल वेळेत रवाना करते."

मग माझा नंबर आला. कंपनी बंद पडल्यापासून मीही बायोडेटा घेऊन हिंडत होते, वरच्या चार ओळी नेटवरून उचललेल्या. त्या वाचून त्याने फक्त माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मी जुन्या ऑफिसातल्या शिपाईकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग जाताच माझा हात आपोआप पदराकडे गेला.