जाधवांनी न मागितलेली चावी

गंगाराम जाधव गाडी चालवायला शिकले तेव्हा त्यांचं निम्मं डोकं पांढरं झालं होतं. रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. चिठ्ठी आणल्याशिवाय ते साहेबालाही एक खिळा देत नसत. निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी ऐरोलीच्या सोसायटीत जुनी पांढरी गाडी आणली आणि रविवारी सकाळी घणसोलीच्या मोकळ्या रस्त्यावर ती चालवायला शिकू लागले. शेजारी मुलगी, संघमित्रा. तिचं लायसन्स आधीच झालेलं.

"आप्पा, क्लच."

"दाबलाय."

"तो ब्रेक आहे."

"पाय माझे आहेत ना? मग मला ठाऊक ते कुठेयत."

गाडीच्या चाव्या दोन. एक त्यांनी स्वतःकडे ठेवली, दुसरी तिला दिली. गाडी दोघांची, म्हणाले. आणि मी, असं त्यांच्या बायकोनं, रखमाबाईंनी विचारलं. "तू मागे बस. आम्हाला ओरडायला कुणीतरी हवंच."

पुढे संघमित्राचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी ती बॅग घेऊन परत आली. का आली ते तिनं आईला सांगितलं. वडिलांना सांगायला शब्द नव्हते. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "हे माहेर आहे. मुक्काम नाही."

ती त्याच संध्याकाळी निघाली. तळोज्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं, नावड्याला भाड्याची खोली मिळाली. गाडीची चावी तिच्या पर्समध्येच राहिली. आईला ती दुपारी फोन करायची, आप्पा झोपले की. बाप-लेकीत मात्र एक शब्द नाही. त्या घरात भांडणाची रीत अशीच होती: बोलवायचं कुणी नाही, गेलेल्यानं आपण होऊन यायचं.

ती आली होती. एका रविवारी, कुणाला न सांगता. लिफ्टपर्यंत गेली आणि पाय अडले. म्हणून पार्किंगमध्ये वळली, तिच्या चावीनं गाडीचं दार उघडून आत बसली. सीटवर आप्पांचा रुमाल होता, केसांच्या तेलाचा वास होता. उकडत होतं. जरा थंड हवा घ्यावी आणि मग वर जावं म्हणून तिनं चावी फिरवली. इंजिन एकदा धडपडलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोर चावीच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत राहिला. कंपनीतल्या एकाच्या गाडीला असंच झालेलं तिनं पाहिलं होतं. गाडी चावीतली चिप ओळखत नसली की तो दिवा लागतो.

गाडी आपल्याला ओळखत नाही, म्हणजे ओळखू नये अशी व्यवस्था कुणीतरी केली आहे. तिनं दार लावलं आणि वर न जाता नावड्याला परतली.

त्यानंतर पावसाळा गेला, आणि दिवाळीच्या आधी गंगाराम जाधव आंघोळीला जाताना पडले ते उठलेच नाहीत. ती पोहोचली तेव्हा खाली माणसं जमली होती.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. रखमाबाईंना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. गिऱ्हाईक मिळालं, पण त्याला दोन्ही चाव्या चालू हव्या होत्या. म्हणून मायलेकी गाडी घेऊन दिघ्याला अंकुशच्या टपरीवर गेल्या. गाड्यांच्या चाव्या करणारा ऐरोलीकरांना तोच माहीत. आईच्या हातातली नवी चावी त्यानं लगेच ओळखली.

"ही मीच बनवलेली. जाधवकाकांची. ते कसे आहेत?"

रखमाबाईंनी सांगितलं. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग संघमित्राची चावी घेतली. तिच्या कडीतल्या खोलीच्या चाव्या काढून टाकल्या. बाजूच्या लोखंडामुळे कधीकधी सिग्नल अडतो. मग फिरवून पाहिली, गाडी चालू झाली नाही. चावीचं कव्हर उघडून चिप जागेवर आहे का पाहिलं. होती. लहानशा यंत्रावर ठेवली, यंत्रानं नंबर दाखवला.

"ताई, चावीला काय पण झालेलं नाय. गाडीच्या मेमरीतून उडालीय. काकांची चावी मार्केटमध्ये पडली ना, तेव्हा नवी टाकायला सगळं पुसायला लागलं. समोर असतील तेवढ्याच चाव्या राहतात. नसेल ती बाद."

"त्यांना माहीत होतं?"

"सांगितलं ना मी. बोललो, काका, दुसरी कुणाकडंय? आणा, तिच्यावर गाडी चालेल, नवीपण आरामात बनेल. बोलले, मुलीकडंय, थांब जरा. मग किती दिवस गाडी तशीच. मी दोनदा फोन केला. एकदा बोलले, येईल ती."

संघमित्रानं आईकडे वळून विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. फोन हातात होता," रखमाबाई म्हणाल्या. "त्यांनी ठेवायला लावला. म्हणाले, चावी आण म्हणालीस तर तिला वाटेल, आहे तेवढीही काढून घेतायत. तिच्याकडे राहू दे. मग माझा गुडघा धरला, दवाखान्यात न्यायला गाडी लागली, तेव्हा कुठे ह्याला बोलावलं."

अंकुश गाडीत बसून लॅपटॉपची वायर जोडत होता. त्याला दोन्ही चाव्या हव्या होत्या. संघमित्रानं आपली दिली. दुसरी देताना रखमाबाईंचा हात जरा रेंगाळला. काही वेळानं त्यानं एक फिरवली, गाडी सुरू झाली. बंद केली, दुसरी फिरवली, तीही लागली. "झालं, ताई. आता दोन्ही चालतील."

परतताना संघमित्रा चालवत होती. रखमाबाई सवयीनं मागे बसल्या होत्या. दिघ्याची गर्दी मागे पडली.

"आई, मी आले होते. उन्हाळ्यात. एका रविवारी."

"कुठे?"

"खाली. गाडीत बसले होते. चालू होईना. मला वाटलं त्यांनी मुद्दाम केलंय. तशीच गेले."

रखमाबाईंनी आरशात तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून बाहेर, कारखान्यांच्या भिंतींकडे पाहत राहिल्या.

"सकाळी आलेलीस की दुपारी?"

"दुपारी. चार वाजले असतील."

"चारला ते उठायचे," रखमाबाई म्हणाल्या. "घरीच असणार. चहा घेत."