अकरा तास दुसऱ्याच्या हाती

ब्रेकमास्तरांनी उभी हयात लांब पल्ल्याची बस हाकली, पण दुसऱ्याच्या गाडीत त्यांचा कधी डोळा लागला नाही. कुणीही चालवो, यांचा उजवा पाय खालची फळी दाबतच असायचा. नाव पडलं ते त्यावरून. डेपोत भांडून त्यांनी एक नियम करून घेतला होता: आठ तासांवर कुणाच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाही. इंजिन तापलेलं कळतं, माणूस तापलेला कसा कळत नाही, असं साहेबाच्या टेबलावर हात आपटून विचारलं होतं.

लेकीनंही बसच चालवायला घेतली, तेव्हा मास्तर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आता ती आठ हजार किलोमीटरवरच्या शहरात सिटी बस चालवत होती. तिनं दोन तिकिटं पाठवली नि निरोप दिला, की एकदा माझ्या गाडीत बसा, मग खुशाल नावं ठेवा.

तिकिटावर होतं, सकाळी दहाला निघून दुपारी साडेतीनला पोचणार. मास्तरांचं टाळकं सटकलं. साडेपाच तासांत एवढं अंतर? हे विमान आहे का तोफगोळा? लेकीनं फोनवर समजावलं, की इथलं घड्याळ साडेपाच तास मागं आहे, प्रवास चांगला अकरा तासांचा. त्यावर मास्तर आणखीच पेटले. अकरा तास एकच माणूस चालवणार? मग आपण त्यात पाऊल ठेवणार नाही.

"नका ठेवू," बायको बॅग भरता भरता म्हणाली. "मी जाते एकटी. सांगते पोरीला, बापाला तुझ्यापेक्षा नियम प्यारा."

हे झोंबलं. मास्तर निघाले, पण विमानाच्या दारात अडून बसले. मागं रांग तुंबली. चालवणारे किती, ते आधी सांगा, म्हणाले. दारातल्या बाईनं हसून सांगितलं, की चौघं आहेत, आळीपाळीनं झोपतात, त्यांना बिछानेसुद्धा आहेत.

"बिछाने?" मास्तरांचा चेहरा खुलला. "म्हणजे इथंही कुणीतरी टेबलावर हात आपटलाय."

तरी झोप नाहीच. अकरा तास त्यांचा पाय पुढच्या खुर्चीखाली रेटलेला. पुढच्या गृहस्थानं दोनदा वळून पाहिलं, तेव्हा बायकोनं त्याला सांगितलं, की निर्धास्त राहा, विमान यांनीच धरून ठेवलंय.

विमानतळाबाहेर लेकीची बस उभी होती. ती ड्युटीवर, त्यामुळे जागची हलली नाही. मागच्या सीटकडे बोट केलं नि आधी तिकीट काढायला लावलं. मास्तरांनी मुकाट्यानं काढलं.

"किती तास झाले आज?"

"दोनच, बाबा. आठच्या वर इथंही कुणी चालवत नाही."

बस निघाली. आई नवऱ्याच्या पायाकडं बघत बसली. पहिल्या वळणाला पाय दाबला गेला. दुसऱ्याला नुसता हलला. बस पुलावर आली तोवर पाय सैल पडला होता, नि मास्तर घोरत होते.

शेवटच्या थांब्यावर लेकीनं आरशातून पाहिलं. आई हलवून उठवू लागली, तर लेक म्हणाली, "झोपू दे गं. एक फेरी मारून येऊ."

"मार की. पण ती विमानतळावर जाते ना? तिथं जागे झाले तर म्हणतील, अजून निघालोच नाही."