फेवाच्या खिशातले दोन तुकडे

फेव्रोनियाला आमच्या कोडियाक बेटावरच्या गावात सगळे फेवा म्हणतात. वय बासष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. वीस वर्षं मी तिची शेजारीण आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

पहिला जाड बर्फ पडला की हरणं डोंगर सोडून किनाऱ्याला येतात. त्या मोसमातलं पहिलं हरण कुणी आपल्या घरी नेत नाही. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं. नवरा निकोलाय समुद्रात बुडाला त्या वर्षापासून सलग अठरा वर्षं ते हरण फेवाने आणलं होतं, निकोलायच्याच रायफलीने. त्या एका हरणावर गावात तिचा शब्द चालायचा.

गेल्या वर्षी मात्र तिचे दोन नेम चुकले, तेही एरवी ती गप्पा मारता मारता साधेल एवढ्या अंतरावरून. हरण आणलं तिच्या दिराने, झखारने. तेव्हापासून त्याला मिशी नसताना पीळ द्यायची सवय लागली. या शरद ऋतूत वाफेच्या न्हाणीघरात बसून त्याने जाहीर करून टाकलं की वहिनींचे डोळे गेले, त्यांनी आता स्वयंपाकघर सांभाळावं, म्हाताऱ्यांच्या हरणाचं मी बघतो. न्हाणीतले दगड निवायच्या आत ही बातमी फेवापर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी ती रायफल घेऊन बोटीने शहरात गेली. मी सोबत होते. तिथे त्वेइट नावाचा बंदुका दुरुस्त करणारा आहे. त्याने नळीत दिवा धरला, आधी स्वतः बघितलं, मग तिला बघायला लावलं. बाहेरून रोज पुसूनही आत खाऱ्या हवेच्या गंजाने खड्डे पाडले होते.

"डोळे शाबूत आहेत तुमचे," तो म्हणाला. "नळी गेलीय."

येताना बोटीत फेवा रडली. वारा डोळ्यांत जातोय, असं मला बजावून रडली.

गावात हे सांगितल्यावर झखार म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. नवी नळी तर बसवायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की निकोलायच्या नळीसारखी पोलादावर निळसर काळी झाक चढवलेली, की स्टेनलेसची. झखारकडे तीन वर्षांपासून स्टेनलेसची रायफल होती, आणि तिला आपण तेलाचं बोटही लावलेलं नाही हे तो भेटेल त्याला सांगायचा. तो मुद्दाम फेवाच्या दारात आला.

"वहिनी, माझं ऐका, स्टेनलेस घ्या. या वयात रोज तेल-फडकं होत नाही माणसाच्या हातून."

झालं. आता स्टेनलेस घेणं म्हणजे म्हातारपणाच्या कागदावर सही करणं. मरेन, पण ती डेगचीसारखी चकचकीत नळी घेणार नाही, असं फेवाने मला ऐकवलं. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी तिच्या जेवणाच्या टेबलावर रायफल पुसली गेली होती, आधी निकोलायच्या हाताने, मग तिच्या. निळी झाक जिथे उडाली होती, तिथे त्याची मूठ असायची.

पण फेवा हट्टी असली तरी मूर्ख नाही. तिने त्वेइटकडून नळ्यांचे कापून उरलेले दोन तुकडे मागून आणले होते, एक निळा, एक स्टेनलेसचा, दोन्ही बोटभर. ते तिने आपल्या होडीच्या नाकाला सुतळीने बांधले, खारं पाणी सगळ्यात जास्त उडतं तिथे. तेल कशालाच नाही. दर दोन दिवसांनी आम्ही बघायला जायचो. तिसऱ्याच दिवशी निळ्यावर तांबूस लव आली. महिन्याभरात गंज नखाने खरवडून निघायला लागला. स्टेनलेसचा तसाच लखलखीत.

"निकोलायला निळी नळी फार आवडायची," ती म्हणाली. "समुद्रालाही आवडते."

मग तिने स्टेनलेसचा तुकडा सोडवून उलटा केला. सुतळीखाली जिथे पाणी साचून राहिलं होतं, तिथे मसुराएवढा तपकिरी डाग होता. नखाने जाईना. त्या मोसमात फेवा पहिल्यांदा हसली ती तेव्हा. दोन्ही तुकडे खिशात टाकले आणि दुसऱ्या दिवशी स्टेनलेसची नळी मागवली.

वहिनींनी वय मान्य केलं, असं झखार गावभर सांगत सुटला. माझा जळफळाट झाला. फेवा मात्र खिशातले तुकडे वाजवत हिंडायची, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नोव्हेंबरच्या शेवटी बर्फ पडला. होडीत आम्ही तिघं: ते दोघं, आणि इंजिनावर मी. फेवाची रायफल रात्रभर घराबाहेरच्या थंड पडवीत होती, गोळी आत ढकलणारा बोल्ट सोडवून कोरडाठाक पुसलेला. झखारने आपली रायफल शेगडीजवळून उचलून घोंगडीत गुंडाळून आणली होती. उबेतलं लोखंड थंडीत आणलं की त्याला घाम सुटतो आणि तो घाम गोठतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झखारलाही होतं. स्टेनलेसला ते लागू नाही, अशी त्याची समजूत होती.

"वहिनी, तुमची नवी नळी चमकून हरणं पळतील हं."

"हरणं नळी बघत नाहीत, झखार. तुझा वास घेतात."

होडी लावून उतरलो, तर किनाऱ्यावर पुढे एक नर समुद्राचं गवत खात उभा होता. ऐंशी पावलं असेल. गेल्या वर्षीचा मान म्हणून पहिली गोळी झखारची. तो गुडघ्यावर बसला, नेम धरला, चाप ओढला. टिक्. पुन्हा बोल्ट मागेपुढे केला. टिक्. गोळीवर आपटणारी आतली पिन बर्फाने धरली होती. हरणाने मान वर केली आणि ते झाडीकडे चालू लागलं. झखार बोल्टवर तोंडाची वाफ सोडत राहिला.

फेवाने रायफल खांद्याला लावली. एकच गोळी. हरण होतं तिथेच बसलं.

गोळीचा आवाज म्हणजे आमच्या अस्वलांना जेवणाची घंटा, त्यामुळे आम्ही भराभर हरण साफ केलं. झखारने मुकाट पाय धरले.

संध्याकाळी एव्दोकिया आजींच्या घरी सगळे जमले. त्या एक्याण्णव वर्षांच्या, डोळ्यांनी दिसत नाही. कांद्यावर परतलेलं पाठीचं मांस त्यांनी सावकाश चघळलं आणि कुणी आणलं, विचारलं. सगळ्यांनी झखारकडे बघितलं. शेवटी झखारच म्हणाला, "वहिनींनी."

"वाटलंच. मागच्या वर्षीचं पळून पळून दमलेलं होतं. हे जागच्या जागी पडलंय." मग हात पुढे करून म्हणाल्या, "फेवा, इथे माझ्याजवळ बस."

ती बसली. मला इतका आनंद झाला की मी दोनदा वाढून घेतलं.

निघताना झखारने तिला बाजूला घेतलं. माझी रायफल जरा उघडून बघाल का, असं हळूच विचारलं. फेवाने खिशातून स्टेनलेसचा तुकडा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याचा अंगठा त्या डागावर नेला.

"हा महिनाभर बिनतेलाचा होता. तुझी तीन वर्षं आहे. उद्या संध्याकाळी ये, आणि फडकं घरून आण."

निळा तुकडा तिने निकोलायच्या फोटोपाशी ठेवला. झखार दुसऱ्या दिवशी वेळेआधी आला. फडकं धुऊन आणलं होतं.