दीडशे किलोमीटर कुठे गेले?

माझ्या मुलीचं बारसं ठरलं तेव्हा आई आधीपासूनच आमच्याकडे मुंबईला होती. बाबा मालवणजवळच्या आमच्या कट्टा गावात एकटेच होते, काजूची कामं उरकत. त्यांना घेऊन यायला मी गावी गेलो आणि जवळच्या चिपी विमानतळावरून मुंबईची दोन तिकिटं काढली.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मालवण-मुंबई गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली. त्यामुळे तिकीट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न अंतराचाच आला.

"विमानान किती किलोमीटर?"

"साडेतीनशेच्या आसपास. सव्वा तासात पोचतलो."

"माझी गाडी पाचशेच्या वर जाय," ते म्हणाले. "मगे दीडशे किलोमीटर खंय गेले?"

"वर वळणां नाय, बाबा. घाट नाय. सरळ रेषा."

त्यांनी तिकीट पुन्हा उलटून बघितलं. त्यांना ते पटलं नाही, एवढं मात्र कळलं.

विमानात मी त्यांना उजव्या हाताची खिडकी दिली. पट्टा त्यांनी स्वतःच लावला. विमान वर गेल्यावर ते काचेला नाक लावून बसले. थोड्या वेळाने माझं मनगट धरून म्हणाले, "खाडी बघ. खारेपाटण असतला." खाली एक चकचकीत वाकडी रेघ होती आणि दोन्ही बाजूंना हिरवं. मला काहीच ओळखू आलं नसतं.

"थंय माझी गाडी चायक थांबाय," ते म्हणाले. मग कपाळ काचेला टेकवलं. विमानाच्या आवाजात मला वाटलं, झोपले. पण ते खिडकीकडेच बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "तुझ्या बारशाक माका रजा गावली नाय. गाडी घेवन मुंबयक होतंय. तुका सोळाव्या दिवशी बघितलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी तर नाहीच. मी विचारलं, "वाईट वाटला?"

"वाटतलाच. पण गाडयेत पन्नास माणसां होती."

विमान उतरायला लागलं तसे ते ताठ बसले. चाकं जमिनीला टेकली तेव्हा मी सहज खाली बघितलं, तर त्यांचा उजवा पाय चपलेसकट जोरात दाबलेला. विमान थांबेस्तोवर त्यांनी तो उचलला नाही. मग मान हलवून म्हणाले, "बरा उतरवल्यान."

विमानतळावरून डोंबिवलीच्या घरी पोचायला मात्र दोन तास लागले. टॅक्सी ट्रॅफिकमध्ये अडकली की बाबा आमच्या ड्रायव्हरला कोणती लेन धरायची ते सांगत होते, आणि तोही बिचारा हसून ऐकत होता.

दार आईने उघडलं. "इलात?" एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला वळली. बाबांनी हातपाय धुतले, पाळण्याशी गेले, पण बाळाला हात लावला नाही. नुसते वाकून बघत राहिले. तिने जांभई दिली तसे आईला हाक मारून म्हणाले, "अगो, जांभय देता!"

बारसं दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावलो तर बाबा खाली बसून नारळ सोलत होते आणि आई त्यांच्यावर करवादत होती, शेंडी नीट काढा म्हणून. घरातल्या कार्याच्या आदल्या दिवशी बाबा घरात आहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आईसुद्धा.